उघड्या झाकणाचा कॉम्प्युटर

निपाणीच्या माणसाला बाजारासाठी दोन दिशा. कोगनोळी, कागल करत ४० किलोमीटरवर कोल्हापूर. तवंदी घाट ओलांडून संकेश्वर, हत्तरगी करत ७५ किलोमीटरवर बेळगाव. लग्नाचा बस्ता असो की इंजिनाचा पार्ट, जिथं चांगला मिळेल तिथून आणायचा, ही इथली जुनी रीत. १९९८ च्या दिवाळीत आमच्या घरी कॉम्प्युटर आला तोही याच रीतीनं, तुकड्यातुकड्यानं. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम आक्कानं बेळगावच्या खडेबाजारातून आणली. कॅबिनेट, हार्ड डिस्क आणि मॉनिटर आण्णांनी कोल्हापुरातून. चौदा इंची जाडजूड मॉनिटर, पण आण्णांनी तो एसटीत खाली ठेवू दिला नाही. कोल्हापूरच्या स्टँडपासून निपाणीपर्यंत मांडीवर घेऊन बसले.

आण्णा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. आक्का तेव्हा बेळगावात, उद्यमबागेतल्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. ती म्हणाली, "सुटे भाग आणूया, मी जोडते." आण्णांनी एवढंच विचारलं, "आणि बंद पडला तर?"

"तर उघडून बघूया की!"

त्या काळात सीमाभागात ज्यांच्या घरी असेंबल्ड कॉम्प्युटर होता, त्या प्रत्येकाला हे वाक्य आपलं वाटेल. उघडून बघता येत होतं, हेच त्या यंत्राचं मोठेपण होतं.

निपाणीकरांना १९८१ हे साल आठवतं ते शरद जोशींच्या तंबाखू आंदोलनामुळं. याच हायवेवर शेतकरी बसले होते आणि एप्रिलमध्ये गोळीबारात बारा जणांचा जीव गेला. आण्णा त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिकडं अमेरिकेत आयबीएमनं आपला पीसी बाजारात आणला आणि त्याची रचना उघडी ठेवली. कुठल्या खाचेत काय बसतं, हे कुणालाही कळू शकत होतं. म्हणून तर पुढं तैवानचा बोर्ड, पाठीवर 'मलय' छापलेला इंटेलचा प्रोसेसर आणि कोल्हापुरातला पत्र्याचा डबा निपाणीच्या एका माडीवर एकत्र नांदू शकले. प्रोसेसर होता पेंटियम एमएमएक्स, २३३ मेगाहर्ट्झचा. रॅम ३२ एमबी, हार्ड डिस्क ४.३ जीबी.

जोडणीची ती रात्र मला जशीच्या तशी आठवते. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर वर्तमानपत्र. आक्कानं आधी कॅबिनेटच्या पत्र्यात पितळी खुंट्या पिळल्या, म्हणजे बोर्डाची पाठ पत्र्याला टेकणार नाही. मग प्रोसेसर, त्याच्यावर फॅन, मग रॅमची पट्टी, दोन्ही कानांच्या क्लिपा खट्ट वाजेपर्यंत दाबून. ते एटी जातीचं कॅबिनेट. त्यातल्या पॉवर सप्लायमधून बोर्डाकडं दोन वेगळे जोड यायचे, पी-८ आणि पी-९. दोन्ही सारखेच दिसायचे. अदलाबदल झाली तर बोर्ड जळालाच. त्यावर एकच नियम, जो आक्कानं मला दोनदा म्हणायला लावला: काळ्याशेजारी काळी. दोन्ही जोडांतल्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. हार्ड डिस्कच्या पट्टेदार केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडं. फ्लॉपीची केबल उलटी बसली तर तिचा हिरवा दिवा विझतच नाही, हेही त्याच रात्री कळलं. मग बटण दाबलं. फॅन घरघरला, काळ्या पडद्यावर आकडे पळत ३२७६८ वर थांबले आणि छोटीशी एक बीप वाजली. एकच छोटी बीप म्हणजे सगळं ठीक. आईनं कॅबिनेटला हळदीकुंकू लावलं.

त्यानंतर काही वर्षं त्या डब्याचे स्क्रू क्वचितच सगळे जागेवर असतील.

पहिलं दुखणं बीपचंच होतं. एका सकाळी चालू केला तर पडदा काळा आणि आतून लांबलचक बीप, थांबून थांबून पुन्हा तीच. आक्का बेळगावात. ज्या दुकानातून बोर्ड घेतला होता, तिथल्या काकांना मी फोन लावला. निपाणीहून बेळगाव म्हणजे एसटीडी, आधी ०८३१ फिरवायचं. काका म्हणाले, "फोन डब्याजवळ धर बघू." मी रिसीव्हर कॅबिनेटच्या जाळीला लावला. पाऊणशे किलोमीटरवरून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "रॅम आहे. काढ, खोडरबरानं तिची सोनेरी दातं पूस, कापडानं झाड आणि परत बसव." तसं केलं. लगेच चालू! दमट हवेनं त्या सोनेरी पट्ट्यांवर आणि खाचेत थर धरतो, संपर्क तुटतो. रबरानं थर निघतो. पुढं आमच्या गल्लीतली सगळी पोरं बीप ओळखायला शिकली. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्ले कार्ड. लांब बीप पुन्हा पुन्हा म्हणजे रॅम. वैद्य नाडी बघतो तसे आम्ही आधी कान लावायचो आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचो.

उन्हाळ्यात वेगळंच. आमची गल्ली वखारींची. तंबाखू हलवायला लागले की खकाणा उठायचा आणि कॅबिनेटचा फॅन तो आत ओढून घ्यायचा. दुपारी कॉम्प्युटर मध्येच गोठायचा, माऊस हलायचा नाही. झाकण काढलं की आधी सगळ्यांना शिंका. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांत तपकिरी गादी बसलेली असायची आणि फॅन जेमतेम फिरायचा. आण्णांचा दाढीचा जुना ब्रश आणि सायकलचा पंप ही आमची हत्यारं. फॅनच्या मधला गोल स्टिकर नखानं अलगद उचलायचा, खाली आस दिसतो, त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडायचा आणि स्टिकर परत चिकटवायचा. घरघर थांबायची, फॅन सुरात यायचा. यंत्र आपले कष्ट बोलून दाखवतं, हे मला त्या फॅननं शिकवलं.

पण ज्या बिघाडाचा छडा फक्त निपाणीतच तसा लागू शकला असता, तो वेगळा. संध्याकाळी सात-साडेसातला कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट व्हायचा. दिवसभर ठणठणीत. रॅम बदलून पाहिली, पॉवर सप्लाय शेजाऱ्यांचा लावून पाहिला. शेवटी आक्काला एक युक्ती सुचली. आमचं घर कर्नाटकात, पण मी शिकत होतो ते देवचंद कॉलेज अर्जुननगरला, गावाला लागूनच असलं तरी महाराष्ट्राच्या हद्दीत. आमच्याकडं वीज केईबीची, तिथं एमएसईबीची. अर्जुननगरच्या एका मित्राकडं आम्ही लुनावरून कॅबिनेट नेलं, मॉनिटर त्याचाच वापरला आणि रात्री जेवणवेळेपर्यंत कॉम्प्युटर चालू ठेवला. एकदाही रिस्टार्ट नाही. म्हणजे दोष डब्यात नव्हता, आमच्या लाइटीत होता. वायरमननं मीटर लावून बघितलं. संध्याकाळी आमच्या फेजवर भार चढून व्होल्टेज खूप खाली उतरत होतं. त्यानं फेज बदलून दिली, आण्णांनी स्टॅबिलायझर आणला आणि ते दुखणं कायमचं गेलं.

त्याच वायरमनकडून दुसरंही एक काम झालं. आई ओल्या हातानं टेबल पुसायची तेव्हा कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. टेस्टर लावला तर पत्र्यावर दिवा मंद पेटायचा. पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. आमच्या घराला तीन पिनांचे सॉकेट होते, पण तिसऱ्या पिनेमागं काहीच जोडलेलं नव्हतं. परसात खड्डा खणला, पाइप उभा केला, भोवती मीठ आणि लोणारी कोळसा भरला. उन्हाळ्यात त्यात तांब्याभर पाणी ओतायचं काम आईनं तुळशीच्या पाण्याबरोबरच स्वतःकडं घेतलं. कॉम्प्युटरमुळं आमचं सगळं घरच सुरक्षित झालं.

आणि मग २६ एप्रिल १९९९, सोमवार. परीक्षा संपलेली. दुपारी कॉम्प्युटर गोठला, बंद करून चालू केला तर फॅन फिरतोय, पडदा काळा आणि बीप नाही. आक्का सुट्टीला घरीच होती. तिनं नेहमीचा क्रम सुरू केला: एकेक करून सगळं काढायचं. साउंड कार्ड, हार्ड डिस्क, फ्लॉपी, शेवटी डिस्प्ले कार्ड. बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि स्पीकर एवढंच उरलं. तरी आवाज नाही. मग तिनं रॅमसुद्धा काढली. बिनरॅमच्या बोर्डानं तर आरडाओरड करायला हवी. तीही नाही. आक्का बराच वेळ बोर्डाकडं बघत बसली आणि म्हणाली, "हा तक्रारच करत नाही. म्हणजे तक्रार करणाराच गेलाय."

तक्रार करणारा म्हणजे बायॉसची चिप. बटण दाबल्यावर प्रोसेसर पहिल्या आज्ञा तिच्यातून वाचतो. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्यानं लिहिलेला सीआयएच व्हायरस बरोबर २६ एप्रिलला जागा व्हायचा, हार्ड डिस्कचा सुरुवातीचा एक मेगाबाइट शून्यांनी भरून टाकायचा आणि जमलं तर बायॉसही पुसायचा. चेर्नोबिलचा अपघात १९८६ साली याच तारखेला झाला होता, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला तेच नाव दिलं. इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटचे बोर्ड त्याच्या तावडीत हमखास सापडायचे. आमचा नेमका तोच.

दुसऱ्या दिवशी बोर्ड टॉवेलात गुंडाळून आम्ही बेळगाव गाठलं. खडेबाजारातल्या काकांच्या टेबलावर असे बोर्ड आधीच येऊन पडले होते. त्यांच्याकडं याच मॉडेलचा एक चांगला बोर्ड होता. पुढचं जे बघितलं ते मी आजही पोरांना सांगतो. काकांनी चांगल्या बोर्डावरची बत्तीस पायांची बायॉस चिप काढली. आमच्या सॉकेटवर आक्कानं शिवणाचा दोरा आडवा टाकला आणि चिप त्यावर हलकेच बसवली. फ्लॉपीवरून कॉम्प्युटर डॉसमध्ये चालू झाला. एकदा चालू झाला की बायॉसमधला मजकूर रॅममध्ये उतरलेला असतो, चिपेची लगेच गरज लागत नाही. काकांनी मान डोलावली. आक्कानं दोऱ्याची दोन्ही टोकं धरून चालू बोर्डावरून चांगली चिप सरळ वर उचलली आणि तिच्या जागी आमची मेलेली चिप ठेवली, खाच खाचेसमोर. उलटी बसली असती तर जळालीच असती. मग फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर पट्टी भरत गेली. बंद केला, पुन्हा चालू केला. एक छोटी बीप!

काकांनी मजुरी घेतली नाही. "पोरीनं काम केलंय, मी कशाची घेऊ?" म्हणाले. हार्ड डिस्क नव्यानं भरावी लागली. आण्णांचे हिशेब फ्लॉपीवर आणि वहीत दोन्हीकडं होते, ते वाचले.

अशी माणसं त्या काळी सगळीकडं होती. संकेश्वरचा एक मित्र आपलं डिस्प्ले कार्ड रुमालात बांधून बसनं पाठवायचा. चिकोडीचा एक कन्नड बोलणारा दोस्त आमची रॅम स्वतःच्या बोर्डात लावून तपासून द्यायचा. कुणाचा पार्ट कुणाच्या डब्यात आहे, हे गल्लीला पाठ असायचं. बिघाड एका घरात व्हायचा आणि त्याचं निदान अनेक घरं मिळून करायची. त्या निदानाची शिस्त साधी होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलल्यावर थांबून बघायचं आणि दिसलं ते मानायचं. शाळाकॉलेजात विज्ञान पुष्कळ शिकलो, पण प्रयोग म्हणजे काय ते मला त्या सतरंजीवर कळलं.

आक्का पुढं इलेक्ट्रॉनिक्समध्येच राहिली. आज माझ्या घरातल्या लॅपटॉपची रॅम बोर्डावरच डाखलेली आहे. बिघडली तर अख्खा बोर्ड बदला म्हणतात. पातळ आहे, वेगवान आहे, पण त्यानं माझ्या मुलाला आत बघू दिलेलं नाही, आणि हे नुकसान लहान नाही असं माझं मत आहे.

म्हणून या दिवाळीला एक विनंती. माळ्यावर जुनं कॅबिनेट पडलं असेल तर आवराआवरीत भंगारात घालू नका. घरातल्या, नाहीतर शेजारच्या एखाद्या पोराला किंवा पोरीला एक स्क्रू ड्रायव्हर, एक खोडरबर आणि एक मोकळी दुपार द्या. तसं कुणी नसेल तर जवळच्या शाळेला विचारा, त्यांना हवं असेल. पोरांना काढू दे, जोडू दे, परत काढू दे. फक्त पॉवर सप्लायचा डबा आणि काचेच्या नळीचा मॉनिटर मात्र उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही त्यांत बराच वेळ भार शिल्लक असतो.