देह आणि दान

ईश्वराने आम्हांस देह देताना हात आखडता घेतला नाही, हे आमच्या परिचितांस सांगावयास नको. शाळेत हुतुतूचे गडी वाटून घेण्याची वेळ आली की दोन्ही बाजूंचे नायक आमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करीत. आणि स्नेहसंमेलनाच्या नाटकात लाडवांवर ताव मारणाऱ्या भटजीची भूमिका दरवर्षी आमच्याकडेच चालत येई. आम्हांस धावता येत नसे हे खरे होते, आणि त्याचे आम्हांस फारसे दुःखही नव्हते. दुःख होते ते याचे की, आमच्या पोटाचा घेर पाहून लोक आमच्या बुद्धीचे व उद्योगाचे माप काढीत.

ही जुनी सल परवा एका खेळामुळे पुन्हा जागी झाली. आमच्या भाच्याकडे दर रविवारी त्याचे चार मित्र जमतात आणि कागद, पेन्सिल व फासे घेऊन बसतात. एकाने सूत्रधार होऊन कथा सांगावयाची, इतरांनी तीतील पात्रे व्हावयाचे, आणि पात्राचे साहस साधले की फसले हे फाशांच्या दानावर ठरवावयाचे, असा हा खेळ आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन जोडीने १९७४ साली प्रसिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा त्याचा आद्य ग्रंथ. बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण व छाप हे पात्राचे सहा गुण त्यात आकड्यांनी मांडतात.

आमचा भाचा तेरा वर्षांचा असून देहाच्या बाबतीत मामाच्या वळणावर गेला आहे. त्याने निर्माण केलेला वीर मात्र वेताच्या छडीसारखा सडसडीत होता! आम्ही सहज कारण विचारले, तेव्हा कागदावरची नजर न काढता तो म्हणाला, "मामा, निदान खेळात तरी." यावर आम्हांस काही बोलता येईना. आम्ही त्याच्याकडून नियमांची पुस्तके तेवढी मागून घेतली. माणसाच्या देहयष्टीची किंमत ही मंडळी कशी लावतात, हे आम्हांस पाहावयाचे होते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या आवृत्तीत पात्राची उंची व वजन फासे टाकून ठरविता येते; पण त्या वजनाने सहा गुणांत तिळमात्र फरक पडत नाही. देह म्हणजे येथे केवळ अंगरखा. १९८१ सालच्या 'कॉल ऑफ कथुलू' या खेळात मात्र 'आकार' हाच एक स्वतंत्र गुण आहे. काटकपणा आणि आकार यांची सरासरी काढली म्हणजे पात्र किती आघात सोसेल ते कळते. आणि बळ व आकार यांची बेरीज जितकी मोठी, तितका त्याचा ठोसा जड.

सर्वांत बारकाईचा हिशेब आढळला तो स्टीव्ह जॅक्सन यांच्या 'गर्प्स' या खेळाच्या २००४ सालच्या चौथ्या आवृत्तीत. येथे खेळाडूस प्रारंभी काही अंकांचे भांडवल मिळते. सद्गुण विकत घ्यावयाचे. व्यंग पत्करले तर अंक परत मिळतात. स्थूल पात्रास तीन अंक परत मिळतात, अतिस्थूलास पाच. आणि गंमत अशी की, हाडकुळ्यासही पाचच! भाच्याने ज्या सडपातळपणाचा ध्यास घेतला होता, तो थोडा अधिक झाला की या वहीत तेही व्यंगच ठरते. स्थूल पात्राचे आरोग्य पंधरा या आकड्यापलीकडे जाऊ शकत नाही. वेषांतराच्या कौशल्यातून दोन उणे होतात. परंतु धक्क्याने मागे फेकले जाण्याचा प्रसंग आला तर त्याचे बळ दोनाने अधिक धरतात, आणि पोहण्यात तीन मिळवितात.

पोहण्याची ही ओळ वाचून आम्ही पुस्तक खाली ठेवले. आमच्या आजोळच्या विहिरीत सारी मुले पाठीला सुका भोपळा बांधून पोहावयास शिकत. तिसऱ्याच दिवशी शिकविणाऱ्या आजोबांनी आमचा भोपळा सोडला आणि म्हटले, "याला कशाला हवा? हा आपणहून तरंगतो." मुले हसली, पण त्या पाण्यात आम्ही प्रथमच इतरांच्या पुढे होतो. आमच्या देहाच्या जमेच्या बाजूची ती एकुलती एक नोंद आम्ही विसरूनच गेलो होतो.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटली. याच पुस्तकात खादाडपणाची किंमत उणे पाच व आळसाची उणे दहा अशी निराळी लावलेली आहे. स्थूलपणा घेतला म्हणून ही दोन व्यंगे सोबत येत नाहीत. हाडकुळ्यानेही ती खुशाल घ्यावी. विद्वानांस मात्र एवढा विवेक नेहमीच साधला आहे असे नाही. विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४० साली प्रत्येक देहास एकपासून सातपर्यंतचे तीन आकडे देण्याची पद्धत मांडली, आणि १९४२ साली त्यांच्याशी स्वभावाचा मेळ घातला: गोलसर मनुष्य सुखासीन व खाण्याचा शौकीन, कृश मनुष्य संकोची. देहाचे आकडे लावणारा आणि स्वभावाचे आकडे लावणारा परीक्षक एकच होता, आणि तो म्हणजे स्वतः शेल्डन! त्या सिद्धांतास आज शास्त्रात मान राहिलेला नाही. तथापि शाळेच्या अंगणात तो अजून शिकविला जातो, आणि तेथे त्यास ग्रंथाचीही गरज लागत नाही.

देहाचे परिणाम नाहीतच असे म्हणणे खोटे सांत्वन होय. पण देह काय करतो ते नेमके लिहावे, आणि जे तो करीत नाही ते त्याच्या खात्यावर मांडू नये, एवढा न्याय आम्हांस पुरेसा वाटतो.

पुढच्या रविवारी भाच्याने नवा वीर केला. कथेत नदीला पूर आलेला असून नावाड्याची गरज होती. "स्थूल" या शब्दापुढे त्याने पेन्सिलीने तीन अंक जमा केले आणि हळूच विचारले, "मामा, आळसही घेऊ का? दहा अंक मिळतात."

"हवा तर घे," आम्ही म्हणालो, "पण वेगळ्या ओळीवर लिही."