आजची नोंद : ६.८, ४.३, ५.९



आजची नोंद बागेची नाही, माझी आहे. चार दिवस लिहू की नको असं चाललं होतं. शेवटी सौ. म्हणाली, "अहो, दावण्या आला की फोटो टाकून साऱ्या गावाला सांगता. मग हेच काय लपवायचं?" म्हणून लिहितोय.

वर जे तीन आकडे दिसतायत ते ब्रिक्सचे नाहीत, ईसीचेही नाहीत. माझ्या रक्तातल्या पीएसएचे आहेत, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. पीएसए म्हणजे पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन. ते निरोगी ग्रंथीही करते आणि कॅन्सर झालेलीही करते. सगळा घोळ इथंच आहे. आकडा वाढला म्हणजे ग्रंथीत काहीतरी चाललंय एवढं कळतं, काय चाललंय ते कळत नाही.

माझं वय ६१. गेल्या जूनमध्ये लघवीला जळजळ व्हायला लागली. रात्री तीन-चारदा उठावं लागायचं. डॉक्टरांनी लघवी आणि रक्त तपासायला सांगितलं. पीएसए आला ६.८. रिपोर्टवर शेजारीच '४ पर्यंत' असं छापलेलं. तो कागद मी फवारणीच्या वहीत घातला आणि आठ दिवस घरात कुणाला बोललो नाही. कारण आमचे आबा याच आजारानं गेले. त्यांची कंबर दुखायची, आम्ही म्हणायचो वय झालं, पाटपाण्याची कामं झाली. तपासलं तेव्हा हाडात पोचला होता. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला असेल तर आपला धोका साधारण दुपटीनं वाढतो, हे मला नंतर कळलं.

डॉक्टरांनी मात्र लगेच पुढचं काही केलं नाही. लघवीत जंतुसंसर्ग निघाला होता. म्हणाले, "संसर्गानं हा आकडा चढतो आणि उतरायला काही आठवडे लागतात. आधी औषधाचा कोर्स पुरा करा, आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत तपासू."

ऑगस्टमध्ये आला ४.३. मी त्या दिवशी येताना पेढे आणले. सुटलो असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, अजून तीन महिन्यांनी एकदा बघू. मी मान हलवली, पण मनात ठरवलं होतं की आता जायचं नाही. ऑक्टोबर छाटणी, पेस्ट, डिपिंग, वेळ कुणाला आहे? सौ.नं मात्र कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली होती. नोव्हेंबरात आकडा आला ५.९.

संसर्ग नव्हता. जळजळ नव्हती. तरी चढला.

तेव्हा मला आमचा देठ परीक्षणाचा किस्सा आठवला. जुन्या वाचकांना माहीत असेल. एका वर्षी झिंकची फवारणी घेतली आणि तिसऱ्याच दिवशी फुलोऱ्यातले देठ काढून लॅबला दिले. रिपोर्टमध्ये जस्त भरपूर. मी खूश होऊन पुढचं झिंक बंद केलं आणि घडात बारके-मोठे मणी राहिले. लॅब चुकली नव्हती. देठावर जे होतं तेच तिनं मोजलं. चूक नमुन्याच्या वेळेची होती, आणि त्याहून जास्त माझी. मला हवा तसा आकडा आला म्हणून मी पुढचं काही विचारलंच नाही. ऑगस्टच्या ४.३ ला मी तेच केलं. तोही चारच्या वरच होता की! पण ६.८ वरून उतरला एवढंच मला दिसलं.

डॉक्टरांना नोव्हेंबरात सगळं खोदून विचारलं. वहीत लिहिलं ते असं :

१. संसर्ग, सूज, लघवीची नळी घातलेली असणं, वयानं वाढलेली साधी ग्रंथी, या सगळ्यानं पीएसए वाढतो. शरीरसंबंधानंतरही थोडा चढू शकतो. म्हणून रक्त देण्याआधी दोन दिवस तो टाळायचा. सायकल, मोटारसायकलची लांबची रपेटही टाळलेली बरी. मी जूनमध्ये गाडीवरून ४० किलोमीटर जाऊन रक्त दिलं होतं.

२. लॅब आणि किट बदललं की आकडा बदलतो. तुलना करायची तर एकाच लॅबमधल्या रिपोर्टची.

३. प्रोस्टेटसाठी फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइडची गोळी चालू असेल तर सहा महिने-वर्षभरात पीएसए जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे अशा माणसाचा ३ हा ३ समजायचा नाही. केस गळतीच्या काही गोळ्यांतही फिनास्टराइड असतं. डॉक्टरांना न विचारता सांगायचं.

४. चार हा काही बांध नाही की अलीकडं आपलं आणि पलीकडं दुसऱ्याचं. चारच्या खालीही कॅन्सर निघतो आणि वर असून बऱ्याच जणांना निघत नाही. म्हणून आकड्याच्या जोडीला बाकीच्या गोष्टी बघतात.

माझ्या बाबतीत बघितलेल्या गोष्टी अशा. फ्री पीएसए १३ टक्के आला. हा जितका कमी तितका संशय जास्त. २५ च्या वर असता तर जरा निर्धास्त झालो असतो. ग्रंथीचं आकारमान ३७ मिली. ५.९ भागिले ३७ केलं की ०.१६ येतं. ग्रंथी मोठी असेल तर तिचा आकडाही मोठा असणारच, म्हणून हा भागाकार करतात, जसं उत्पादन एकरी काढल्याशिवाय बोलत नाही तसं. ०.१५ च्या वर गेलं की डॉक्टर जास्त लक्ष देतात. मग एमआरआय. त्याला एक ते पाच गुण देतात, पाच म्हणजे संशय सर्वांत जास्त. मला मिळाले तीन. तिथंही मधलाच.

एखादा गुण एक किंवा पाच आला असता तर बरं झालं असतं असं त्या रात्री वाटलं. काय ते एकदाचं कळलं असतं. मुलगा म्हणाला, "आप्पा, मधला आहे म्हणून तर तुकडा तपासायचा." खरं आहे. आबांचा इतिहास, भागाकार आणि पुन्हा चढलेला आकडा, हे एकत्र धरून बायोप्सी ठरली.

मंगळवारी झाली. भूल देऊन सुईनं बारीक तुकडे काढले. लघवीत दोन दिवस लाल दिसलं, ते होतं म्हणून आधीच सांगितलं होतं. ताप किंवा थंडी आली तर ताबडतोब या, असंही बजावलं होतं. ताप नाही आला. रिपोर्ट सोमवारी आहे.

काय निघेल माहीत नाही. निघालाच तर सगळे कॅन्सर एका वेगानं पळत नाहीत, काहींवर नुसती नियमित नजर ठेवतात, एवढं समजून घेतलंय. रात्री झोप मात्र लागत नाही, ते खोटं कशाला सांगू.

पन्नाशी ओलांडलेल्यांनी, आणि घरात कुणाला झाला असेल तर पंचेचाळीसपासूनच, डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या. रिपोर्ट ठेवाल तेव्हा मागच्या बाजूला तारीख, लॅब, चालू गोळ्या आणि त्या आठवड्यातली तब्येत लिहा. फवारणीची वही ठेवतो तशीच.

बागेचं : सोनाका १०२ दिवस, मण्यात पाणी उतरलंय. काल ब्रिक्स बघितला तर घडाच्या खांद्याला १४ आणि शेंड्याला ११. दोन्ही वहीत लिहिलेत. सोमवारी सकाळचं पाणी मुलगा सोडेल, मी आणि सौ. पहिल्या एसटीनं सांगलीला जाणार आहोत.