चंदाचे चित्र

मी प्राणिसंग्रहालयात प्रथम शिरलो तो रंगाचा डबा घेऊन. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत आणि त्यांच्या हाताखाली मीही अक्षरे काढायला शिकलो होतो. 1986 साली पिंजऱ्यांवरील पाट्या नव्याने रंगवायच्या होत्या, म्हणून मला दोन महिन्यांच्या बोलीवर तेथे घेतले. ‘वाघ’, ‘तरस’, ‘सांबर’ अशी नावे लिहिता लिहिता पाटीच्या कोपऱ्यात मी त्या त्या प्राण्याचे लहानसे चित्रही काढू लागलो. चित्रासाठी प्राण्याकडे पाहावे लागे आणि पाहता पाहता तेथून उठावेसे वाटत नसे. दोन महिने संपले, तेव्हा एका रखवालदाराची जागा रिकामी होती. ती मी मागून घेतली. वडील म्हणाले, “अरे, पाट्या रंगवणाऱ्याला जनावरांतले काय कळते?” त्यांचे म्हणणे खरे होते. मला काहीच कळत नव्हते.

चंदा आमच्याकडे आली ती 2005 साली. ती अस्वलीण होती. तुमच्या आजोबांना विचारा. त्यांनी लहानपणी गावात अस्वल घेऊन येणारा दरवेशी नक्की पाहिला असेल. डमरू वाजे, अस्वल मागच्या पायांवर उभे राहून डुलू लागे आणि पोरे टाळ्या पिटीत. आम्हीही पिटल्या आहेत. आमच्या आईने तर अस्वलाचा केस घालून केलेला ताईत माझ्या दंडात बांधला होता. तो नाच अस्वलाला कसा शिकवीत, हे मात्र आम्हांस ठाऊक नव्हते. पिल्लाला आईपासून तोडून आणीत; तापलेल्या सुईने त्याचे नाक टोचून त्यातून दोर ओवीत; सुळे पाडून टाकीत. पुढे काठी उचलली आणि दोर हिसडला, की वेदनेने ते उभे राही. त्यालाच आपण नाच म्हणत होतो! 1972 च्या कायद्याने वन्य प्राण्यांना संरक्षण मिळाले, तरी हा खेळ देशातून जवळजवळ नाहीसा व्हायला 2009 साल उजाडावे लागले. दरवेश्यांचेही पोट त्यावरच होते. त्यांना दुसरा धंदा मिळाला, तेव्हाच पुष्कळांनी आपली अस्वले आपण होऊन सोडून दिली. चंदा अशाच एकाकडून वनखात्यामार्फत आली होती. छातीवर पांढरी कोर होती, म्हणून आम्ही तिचे नाव चंदा ठेवले.

तिच्या पिंजऱ्यासाठी मी मोठ्या हौसेने एक चित्र काढले. लोक अस्वल काळे समजतात. पण उन्हात त्याच्या केसांत तांबूस आणि निळसर अशा दोन्ही छटा दिसतात. त्या साधण्यात मी आठ दिवस घालवले. साहेबांनी चित्राची वाहवा केली. आमचे जुने रखवालदार आबा मात्र बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “चित्र सुरेख आहे. पण ही चंदा नव्हे. हिच्या नाकातून दोर कधी गेलेलाच नाही.”

मी खजील झालो. चित्र चांगले दिसावे म्हणून नाकावरचे ते भोक आणि भोवतालची फाटलेली कातडी मी गुळगुळीत करून टाकली होती. बादशहा जहांगीराच्या दरबारी 1621 साली एक झेब्रा आणला गेला. असे जनावर कोणी पाहिलेले नसल्यामुळे पट्टे कोणीतरी रंगवले असावेत, असा लोकांना संशय आला. पट्टे खरेच असल्याची नीट खात्री झाली आणि उस्ताद मन्सूरने त्या झेब्र्याचे चित्र काढले. ते आजही पाहावयास मिळते. त्यात एकही पट्टा सोयीसाठी गाळल्यासारखा वाटत नाही. मी मात्र एका अस्वलाचे नाकसुद्धा धडपणे पाहिले नव्हते.

2008 च्या हिवाळ्यात चंदाने खाणे टाकले. पशुवैद्य म्हणाले, “रक्त तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही. पण ती म्हातारी आहे, अशक्तही आहे. भूल दिली तर उठेलच असे नाही.” राहिला एकच मार्ग. चंदाने आपण होऊन पंजा पुढे करावयास हवा होता.

ही विद्या आम्ही तेव्हा नुकतीच शिकत होतो. काठीच्या टोकाला चेंडू लावायचा. प्राण्याने त्याला नाक लावले, की शिट्टी वाजवायची आणि लगेच खाऊ द्यायचा. शिट्टी म्हणजे ‘बरोबर!’ चुकले तर शिक्षा नाही. खाऊ मिळत नाही, इतकेच. अशा रीतीने आमचा बिबळ्या गजांपाशी येऊन आडवा होण्यास थोड्याच दिवसांत शिकला होता.

मी काठी घेऊन चंदापुढे गेलो. काठी दिसताच ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि डुलू लागली.

दोर काढून तीन वर्षे झाली होती! मी काठी फेकून दिली. त्या दिवशी माझ्याच्याने दुसरे काम झाले नाही.

मग मी नुसता तिच्यापाशी बसू लागलो. जवळ रंगाचे सामान असे, कारण तिचे दुसरे चित्र मला काढायचे होते. पाट्या रंगवण्याचा माझा कुंचला लांब दांड्याचा. एके सकाळी पाण्यात बुडवलेला तो कुंचला गजांजवळ राहिला आणि चंदा हळूच येऊन तो हुंगू लागली. अस्वलाच्या वरच्या जबड्यातील पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी फूऽऽ करून ओढून घेते. तसाच श्वास तिने कुंचल्यावर ओढला. मी शिट्टी वाजवली आणि एक खजूर पुढे केला. तिने तो घेतला.

त्या दिवसापासून कुंचला हीच आमची काठी झाली. कुंचला जिकडे, तिकडे चंदाचे नाक. मग गजांत बसवलेल्या नळीत पंजा घालणे, तो तेथेच ठेवणे, बोटाचा स्पर्श सोसणे, बोथट काडीची टोचणी सोसणे, असे एकेक पाऊल आम्ही टाकीत गेलो. कधी ती मध्येच उठून चालू लागे. मी तिला जाऊ देई. घाई तर होती. पशुवैद्य रोज विचारीत. पण तिला अडवले असते, तर ती पुन्हा आली नसती.

सहाव्या आठवड्यात पशुवैद्यांनी सुई लावली. चंदा मध चाटीत होती. तिने एकदा मान वळवून सुईकडे पाहिले आणि पुन्हा मध चाटू लागली. पंजा तिने काढून घेतला नाही. आबा माझ्यामागे उभे होते. ते काही बोलले नाहीत, त्यांनी नुसती टोपी काढून घाम पुसला.

रक्तातला दोष सापडला. औषध मधातून देता आले आणि महिन्याभरात चंदा पुन्हा बोरे वेचून खाऊ लागली. पुढे ती 2014 पर्यंत जगली.

दुसरे चित्र मी त्याच उन्हाळ्यात पुरे केले. त्यात नाकावरचे भोक आहे, फाटलेली कातडी आहे आणि खालचा लोंबता ओठ मधाने चकाकतो आहे. ते पिंजऱ्यापाशी लावले, तेव्हा आबांनी मान डोलावली. मुले चित्राकडे पाहत, मग चंदाकडे पाहत आणि मला विचारीत, “काका, हिच्या नाकाला काय झाले?” मी हातातली बादली खाली ठेवून त्यांना सांगू लागे.