घरबसल्या सातबारा

आमच्या मावळांत सातबाराचा उतारा मिळविणें म्हणजे एकेकाळीं दिवसभराचें काम होतें. पवनाकांठचें खेडें पहांटे सोडावें, सज्जाचें गांव गांठावें, आणि तलाठी भाऊसाहेब फिरतीवर आहेत असें ऐकून परतावें! १ मे २०१८ रोजीं महाराष्ट्र सरकारनें डिजिटल स्वाक्षरीचा उतारा इंटरनेटवर आणला. आतां १५ रुपये भरले कीं तो घरबसल्या हातीं येतो. ज्यानें हेलपाटे घातले, तो या सोयीस नांवें ठेवणार नाहीं.

परंतु जो उतारा शेतकऱ्यास दिसतो, तोच मुंबईंत बसून लोणावळ्यानजीक बंगल्यास जागा शोधणाऱ्यासहि दिसतो. क्षेत्र किती, वाटेकरी किती, बोजा कोणाचा, हें पुष्कळदां धन्याच्या आधीं दलालास ठाऊक असतें. आमच्या मतें हा दोष उघडेपणाचा नव्हे. चोरून झालेला फेरफार ध्यानांत येतो, तोहि त्याच्याच जोरावर. प्रश्न इतकाच कीं, पाहतो कोण? आमचे विद्यार्थी मोबाईलवर रात्र रात्र रील्स पाहतात. त्यांनीं महिन्यांतून एकदां आजोबांस शेजारीं बसवून घरचा उतारा वाचून दाखवावा. विद्येचा एवढा उपयोग झाला, तरी पुष्कळ झालें.