चाकोरी

मंडळी, आधी एक कबुली देतो. मी कॉन्व्हेंटचा. शाळेत मराठी होतं, पण पासिंगपुरतं. त्यामुळे 'चाकोरी' हा शब्द मला ठाऊक होता तो फक्त 'चाकोरीबाहेरचा विचार करा' या वाक्यातून. आपल्याकडे गेस्ट लेक्चरला येणारा प्रत्येक पाहुणा हे वाक्य टाकतोच. पण चाकोरी ही खरोखरची एक गोष्ट असते, तिला रुंदी-खोली असते आणि तिच्यात पडलं की गुडघा फुटतो, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी वेल्ह्यात जाऊन कळलं.

तर झालं असं. जानेवारीत निकाल लागला आणि एम-थ्री पुन्हा राहिला. दुसऱ्यांदा. हॉस्टेलवर एम-थ्री राहणं ही काही बातमी नव्हे, पण मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, की बास. घरी फोन करायचा आणि सांगायचं, मला इंजिनिअरिंग झेपत नाही, मी सोडतोय. दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा "जेवलास का?" "हो" यावर संपला. शनिवारी रात्री रूममेट म्हणाला, "उद्या वेल्ह्याला चल. फोन सोमवारी कर."

हा रूममेट ऑफरोडिंगचा वेडा. कपाटाच्या दाराला आतून सी. एस. संतोषचा फोटो. 2015 साली डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय. 2024 मध्ये हरिथ नोआने त्याच रॅलीत 'रॅली टू' हा गट जिंकला, त्या दिवशी या महाशयांनी अख्ख्या विंगला चहा पाजला होता. त्याच्याकडे एक्सपल्स, माझ्याकडे पप्पांची जुनी पल्सर. मीही स्वतःला रायडर समजायचो. हायवेवर चाळीस गाड्या मागे टाकल्या म्हणजे रायडर, एवढीच माझी व्याख्या. डांबर सोडून चाक कधी खाली उतरवलं नव्हतं.

पहाटे साडेपाचला निघालो. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र, हातात दोन-दोन ग्लोव्ह्ज. तरी कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत बोटं कुठे संपतात आणि क्लचची दांडी कुठे सुरू होते ते कळेना. हिशेब सोपा आहे. दहा अंशाची हवा ताशी 60 च्या वेगाला अंगाला पाच अंशांसारखी लागते. चेलाडीला हायवे सोडून नसरापूरकडे वळलो तसं आणखी गार झालं. रात्रभर डोंगरावरची थंड हवा जड होऊन खाली दरीत साचते, म्हणून नदीकाठी धुकं आणि वर तोरण्याचा माथा उन्हात लख्ख. वेल्ह्यात चहा घेतला. तालुक्याचं नाव 'राजगड' करायला मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजुरी दिली खरी, पण चहावाल्याच्या तोंडी अजून वेल्हंच.

पुढे केळदच्या रस्त्याला लागलो. याच बाजूच्या मढे घाटाने तानाजी मालुसऱ्यांचा देह कोकणात नेला असं सांगतात. सिंहगडची लढाई फेब्रुवारी 1670 मधली, म्हणजे तीही थंडीच. वाटेत डावीकडे एका वाडीकडे उतरणारी पाणंद दिसली. रूममेटने मला एक्सपल्सवर बसवलं आणि दोन्ही टायरमधली हवा थोडी कमी केली. मग लेक्चर. "फूटपेगवर उभा राहा. गुडघ्यांनी टाकी धर, हात सैल सोड. गाडी खाली नाचू दे, तू नाचू नको." मी मेकॅनिकलचा, मला लगेच पटलं. उभं राहिलं की आपले पायच सस्पेन्शन होतात. पुढचं चाक 21 इंची, पल्सरचं 17. मोठं चाक दगडाला कमी चढत्या कोनात भिडतं, म्हणून सहज वर जातं. सगळी थिअरी क्लिअर! थिअरीचं आणि माझं नेहमी जमतं. राडा होतो तो प्रॅक्टिकलला.

शंभरएक मीटर मस्त गेलो. मग पुढचं चाक एका लांबलचक खाचेत उतरलं. भात काढायच्या वेळी शेतं ओली असतात. ट्रॅक्टरची चाकं रुततात आणि मग थंडीत ती माती वाळून दगड होते. मला वाटलं, हँडल जरा वळवलं की येईल वर. चाक कडेला घासलं, हँडल हातातून हिसकलं आणि मी गाडीसकट आडवा. पँट गुडघ्यावर फाटली. रूममेट हसत सुटला. मला मात्र हसू येईना. पडल्यापडल्या डोक्यात एकच विचार, की हेही जमत नाही.

तेवढ्यात खालून एक जुनी शंभर सीसीची गाडी आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. चालवणारे मामा साठीच्या आसपासचे. कानटोपी, स्वेटर आणि पायात चपला! ना नी-गार्ड, ना बूट. उतरून त्यांनी माझी गाडी उचलायला हात लावला.

"कुणीकडं निघालासा?"

"ऑफरोडिंगला आलोय, मामा."

"म्हंजी?"

"म्हणजे... रस्ता सोडून चालवायची."

मामांनी पाणंदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आरं, ह्यो रस्ताच हाय की!"

रूममेट आता खाली बसून हसत होता. मामा मात्र शांतपणे खाचेकडे बोट दाखवून म्हणाले, "चाकोरी हाय ती. चाक पडलं तिच्यात तर पडू दे, बाळा. वडून काढाय गेला की पाडतीच ती. तिच्यातच सरळ चालव, नजर लांब ठेव. म्होरं रुंद जागा येती, तितं काढ भाईर."

आणि ते गेले. कॅनचं झाकण हललं नाही.

नंतर मी गणित मांडलं. दुचाकी तोल सांभाळते ती हँडलच्या बारीकबारीक हालचालींनी. चाकोरीची भिंत नेमक्या त्या हालचाली अडवते. आपण घाबरून हँडल घट्ट धरतो, म्हणजे उरलेल्याही आपणच अडवतो. म्हणून हात सैल, नजर लांब, वेग थोडा पण सलग. मामांनी हे सगळं चपला घालून दोन वाक्यांत सांगितलं होतं.

दिवसभर त्याच पाणंदीवर आम्ही वरखाली केलं. मी आणखी दोनदा पडलो. दुपारी मामा रिकामे कॅन घेऊन परतले तेव्हा थांबले आणि शिकवणीच घेतली. मुरमावर ब्रेक हळू. फुफाट्यात थांबायचं नाही. ओढ्यातल्या गोट्यांवर गिअर बदलायचा नाही. शेवाळ दिसलं तर खाली उतरून ढकलायची, लाज धरायची नाही. माझ्याकडे या सगळ्याला मिळून एकच शब्द होता, ग्रॅव्हल. ज्याला जमिनीची इतकी नावं ठाऊक आहेत त्याला ती चालवता येते. मी हा लेख मराठी विभागाला दिला, त्याचं कारण तेच.

येताना वाकडी वाट करून भोरला गेलो. संध्याकाळी भाटघर धरणाच्या पाण्यावर पुन्हा गारवा उतरत होता. फोनला रेंज आली आणि मी सोमवारची वाट न पाहता घरी फोन लावला. "पप्पा, एम-थ्री परत राहिला. मला सोडून द्यावंसं वाटतंय."

बराच वेळ पलीकडे काही नाही. मग, "गाडी कुठेय?"

"भोरला."

"सावकाश ये. दव पडतं आता." आणि जरा थांबून, "सोडायचं का ते बघू. पण असं मध्येच नको."

पप्पा कधी वेल्ह्याला गेले असतील असं मला वाटत नाही.

मेमध्ये पेपर आहे. लाप्लास ट्रान्सफॉर्मचा पसारा टेबलावर आहे, गुडघ्यावर खपली आहे. इंजिनिअरिंग माझ्यासाठी आहे की नाही, खरंच माहीत नाही. पण चाक चाकोरीत आहे हे आता माहीत आहे. ती सोडायची असेल तर रुंद जागेवर आल्यावर. तोपर्यंत हात सैल आणि नजर लांब.

आणि हो, पुढच्या रविवारी वेल्ह्याला एक पिलियन सीट रिकामी आहे. कानटोपी ज्याची त्याने आणावी.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल