आंबा घाटांतील दिवे

गेल्या आषाढांत आमच्या पुतण्याच्या पिकअप गाडींतून कोल्हापुराहून रत्नागिरीस जाण्याचा योग आला. आंबा घाट लागला तेव्हां रात्र झाली होती. धुकें इतकें दाट कीं, पुढचें वळण दिसेना. पुतण्यानें हौसेनें निळसर-पांढरे एलईडी दिवे बसविले होते. त्यांचा झोत धुक्यावर आदळून आमच्याच डोळ्यांवर येई. एका वळणावर समोरचा दुचाकीस्वार दिपून थेट कठड्याशीं गेला. सुदैवानें तो वांचला. आमचें काळीज मात्र साखरप्यापर्यंत धडधडत होतें.

रत्नागिरीस एका वृद्ध मिस्त्र्यानें खरा उपाय केला. हॅलोजनसाठीं घडविलेल्या परावर्तकांत एलईडी घातल्यास प्रकाश अस्ताव्यस्त विखुरतो, म्हणून त्यानें मूळचेच ६०/५५ वॅटचे दिवे पुन्हां लाविले. पिवळ्या पडलेल्या कांचा घांसल्या. बारीक तारेंत व्होल्टेज घटून दिवा मंदावतो, यास्तव बॅटरीपासून रिले घालून जाड तार ओढली. शेवटीं गाडी भिंतीसमोर उभी करून झोत बेतानें खालीं वळविला.

परततांना तोच घाट, तेंच धुकें. परंतु कडेची पांढरी रेघ आम्हांस दिसत होती. समोरून एस. टी. आली, आणि तिच्या चालकाचे डोळे मिटले नाहींत.