आरबीतून रिॲक्टरकडे

एमएस्सी ऑरगॅनिकच्या प्रयोगशाळेत बेंझिमिडाझोल जवळजवळ प्रत्येकाच्या हातून बनतं. ऑर्थो-फिनिलिनडायअमाइन आरबीत, म्हणजे गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये, घ्यायचं, फॉर्मिक ॲसिड घालायचं, वॉटर बाथवर तापवायचं. थंड झालं की सोडियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं घालत लिटमस निळा होईपर्यंत ढवळत राहायचं. माल खाली बसतो. तो गाळायचा, उकळत्या पाण्यातून पुन्हा स्फटिक काढायचे, एमपी 170 अंशांच्या आसपास आला की जर्नलमध्ये यील्ड लिहून सही घ्यायची. प्रयोग संपला.

माझं घर तेव्हा नाशिकच्या अंबडला होतं. सिडकोतून बस धरून कॉलेज गाठायचं आणि संध्याकाळी परतताना एक्सलो पॉइंटला शिफ्ट सुटलेल्या कामगारांच्या गर्दीतून वाट काढायची, हा रोजचा क्रम. गच्चीवरून एमआयडीसीच्या शेडांची रांग दिसे. त्याच वसाहतीत ग्लॅक्सोचा औषध कारखाना आहे, आणि अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध तिथे बनणाऱ्या औषधांपैकी एक. राष्ट्रीय जंतनाशक दिनी, 10 फेब्रुवारीला, शाळेत मुलांना चघळायला देतात ती 400 मिलिग्रॅमची गोळी अल्बेंडाझोलचीच असते. हत्तीरोग हटवण्याच्या जागतिक मोहिमेसाठी हे औषध फुकट देण्याचं स्मिथक्लाइन बीचमने, पुढे ग्लॅक्सोत विलीन झालेल्या कंपनीने, 1998 मध्ये मान्य केलं होतं.

आता या रेणूची आकृती कागदावर काढून बघावी. मधोमध बसलाय तो बेंझिमिडाझोलच. डायअमाइनच्या कड्यावर आधी एक प्रोपिलथायो गट बसवायचा आणि फॉर्मिक ॲसिडऐवजी मिथाइल सायनोकार्बामेट वापरायचं, की त्याच धर्तीच्या रिॲक्शनने अल्बेंडाझोलपर्यंत पोचता येतं. म्हणजे नाशिकच्या विद्यार्थ्याने बेंचवर केलेला प्रयोग आणि बसस्टॉपसमोरचा कारखाना यांच्यात फार मोठं अंतर नाही. ही गोष्ट मला कळली ती नोकरी लागल्यावर. दोन वर्षांच्या शिक्षणात ती कळायला हवी होती, असं मला आजही ठामपणे वाटतं.

सिंथेसिसचा अभ्यास रुक्ष आहे असं मात्र कुणी समजू नये. एमएस्सीच्या पहिल्या वर्षात रेट्रोसिंथेसिस सुरू होतं आणि अनेकांचं डोकं त्या आठवड्यात बदलून जातं. तोवर रसायनशास्त्र म्हणजे 'हे अधिक ते बरोबर काय?' असा प्रश्न असतो. इथे उलटं चालायचं. हवा असलेला रेणू समोर ठेवायचा आणि त्याचा कुठला बंध तोडला तर बाजारात मिळणाऱ्या साध्या तुकड्यांपर्यंत पोचता येईल, ते शोधायचं. ही पद्धत शास्त्राच्या दर्जाला नेणाऱ्या ई. जे. कोरी यांना 1990 चं नोबेल मिळालं. स्टुअर्ट वॉरेन यांचं डिस्कनेक्शनवरचं पुस्तक पानं सुटेपर्यंत वाचलं जातं आणि त्याच्या झेरॉक्स बॅच दर बॅच खाली उतरतात. बसमध्ये खिडकीशी बसून वहीच्या मागच्या पानावर बंध तोडत जाणारे विद्यार्थी मी पाहिलेत, त्यांच्यात मीही होते.

त्यात गेल्या पन्नास वर्षांत हाती आलेली हत्यारं तर विलक्षण आहेत. बेंझिनची दोन कडी एकमेकांना थेट जोडणं ही एकेकाळी भल्याभल्यांना घाम फोडणारी गोष्ट होती. पॅलेडियमच्या चिमूटभर संयुगाने ती आज एमएस्सीचा प्रोजेक्ट करणारी मुलगीही करते. सुझुकी कपलिंगचं हे तंत्र 1979 सालचं. त्यासाठी अकिरा सुझुकी यांना हेक आणि नेगिशी यांच्यासोबत 2010 मध्ये नोबेल मिळालं. ब्लडप्रेशरसाठी घरोघर घेतली जाणारी लोसार्टन बनवताना बेंझिनची दोन कडी जोडायला मर्क कंपनीने हीच रिॲक्शन वापरली. पुढे 2021 चं नोबेल धातूविना चालणाऱ्या सेंद्रिय उत्प्रेरकांना मिळालं, 2022 चं क्लिक केमिस्ट्रीला. परीक्षेचे प्रश्न दरवर्षी या बातम्यांमागे धावत असतात.

पण हे शास्त्र खरं शिकवतं ते हात.

एक कॉलम घ्या. काचेच्या नळीच्या तळाशी कापसाचा बोळा, वर वाळूचा पातळ थर, मग सिलिका जेलची पेट इथरमधली स्लरी. ती ओतताना नळीला बाहेरून रबरी नळीने हळूहळू टपटप मारत राहायचं, नाहीतर आत हवेची भेग पडते आणि माल त्या भेगेतून तिरका उतरतो. वर क्रूड चढवायचं, सॉल्व्हंटची पातळी सिलिकाच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि इथाइल ॲसिटेटचं प्रमाण हळूहळू वाढवत टेस्टट्यूबची रांग भरत जायची. प्रत्येक ट्यूबची टीएलसी. यूव्ही दिव्याखाली 254 नॅनोमीटरला हिरव्या पाटीवर काळा ठिपका दिसला की समजायचं, माल उतरायला लागला. दोन ठिपके दिसले की पुढच्या चार ट्यूब वेगळ्या ठेवायच्या. सगळं गोळा करून रोटावर आटवलं की आरबीच्या भिंतीला पांढरा मुलामा राहतो. नमुना एनएमआरसाठी पुण्याला जातो. काही दिवसांनी येणाऱ्या आलेखावर 1.26, 2.05 आणि 4.12 ला तीन खुणा उभ्या असतात. त्या मालाच्या नसतात, नीट न आटलेल्या इथाइल ॲसिटेटच्या असतात. हे आकडे सिंथेसिसवाल्या माणसाला स्वतःच्या फोन नंबरसारखे पाठ असतात. या कामाने अंगी येणारी चिकाटी दुसऱ्या कुठल्याही विषयाने येत नाही, असं मला वाटतं.

एमएस्सी झाल्यावर अंबडमधल्याच एका लहान कारखान्याच्या आर अँड डीत मला ट्रेनी केमिस्ट म्हणून नोकरी मिळाली. तिथल्या सरांनी पहिल्या आठवड्यात एक जुनी सहा पायऱ्यांची कृती हातात दिली. यील्ड बघायचंच होतं. दर पायरीला 90 टक्के म्हणजे ऐकायला छान, पण सहा पायऱ्या झाल्या की हातात 53 टक्केच उरतात, आणि दहा झाल्या तर 35. हे गणित एमएस्सीवाल्याला येतं. सरांचा पुढचा प्रश्न मात्र नवा होता. "एक किलो माल काढला तर कचरा किती किलो?"

या प्रश्नाला 1992 साली रॉजर शेल्डन यांनी आकड्याचं रूप दिलं. एक किलो मालामागे निघालेला कचरा म्हणजे ई-फॅक्टर. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या साध्या रसायनांत तो साधारण एकाहून कमी ते पाच असतो. औषधांच्या बाबतीत शेल्डन यांनी मांडलेला आकडा 25 ते 100 आणि त्याहूनही वर होता. एक किलो औषधामागे शंभर किलो कचरा! सॉल्व्हंट, क्षार, वापरून झालेली सिलिका. कॉलेजात हे सगळं 'वेस्ट'च्या कॅनमध्ये जातं आणि विषय संपतो. कारखान्यात त्यातला प्रत्येक ड्रम मोजला जातो, पाणी ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाकडे, जातं आणि त्याचा खर्च मालाच्या भावात चढतो.

कॉलम तर तिथे शक्यतो कुणाला नकोच असतो. प्लांटवरचे एक जुने ऑपरेटर, आम्ही त्यांना काका म्हणायचो, त्यांनी माझी कृती वाचून शांतपणे सांगितलं, "ताई, इथं स्फटिक पडलं पाहिजे. सेंट्रिफ्यूजला जाईल असं द्या." त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. पण कुठला माल कुठल्या तापमानाला कसा बसतो, घाईने थंड केला तर त्याचा चिखल कसा होतो आणि फिल्टर कसा तुंबतो, हे त्यांच्याइतकं मला पुस्तकातून कळलं नव्हतं. स्फटिकीकरण हे एमएस्सीला प्रयोगाच्या शेवटी उरकायचं काम असतं. औषधाच्या कारखान्यात ते अख्ख्या प्रक्रियेचं मर्म असतं.

कचऱ्याच्या हिशेबासाठी आयब्युप्रोफेनचं उदाहरण प्रत्येक वर्गात नीट शिकवलं जावं असं वाटतं. बूट्स कंपनीची मूळची कृती सहा पायऱ्यांची होती. आत घातलेल्या अणूंपैकी जेमतेम 40 टक्के औषधात उतरत, बाकीचे कचऱ्यात. पुढे बीएचसी कंपनीने तीन पायऱ्यांची कृती बसवली आणि हा आकडा 77 टक्क्यांवर गेला. रेणू तोच, गोळी तीच. बदलली ती रेणू जोडणाऱ्यांची विचार करण्याची पद्धत.

कचऱ्याहूनही गंभीर बाब उष्णतेची. ग्रिन्यार्ड रिॲक्शन एमएस्सीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आवडते. मॅग्नेशियमच्या चकत्या, कोरडा इथर, वर थेंबाथेंबाने हॅलाइड. बराच वेळ काहीच होत नाही. आयोडीनचा एक खडा टाकला जातो, तपकिरी रंग विरतो, इथर धुरकट होतो आणि अचानक आपोआप उकळायला लागतो. बेंचवर सगळे टाळ्या वाजवतात. बर्फाचं भांडं खाली सरकवलं की रिॲक्शन ताब्यात येते.

मोठ्या रिॲक्टरमध्ये हाच 'काहीच होत नाही'चा काळ सगळ्यात धोक्याचा. सुरुवात झालेली नसताना हॅलाइड घालत राहिलं तर ते आत साठत जातं, आणि पेट घेतला की सगळी उष्णता एकदम बाहेर येते. शंभर मिलीच्या आरबीवरून त्याच घाटाच्या हजार लिटरच्या रिॲक्टरवर गेलं की माल दहा हजार पट होतो. पण ज्या भिंतीतून उष्णता बाहेर काढायची ती वाढते फक्त 460 पटींच्या आसपास. चार माणसांचा भात आणि लग्नाच्या पंगतीचा भात एकाच हिशेबाने शिजत नाही, तसंच हे. म्हणून कारखान्यात आधी उष्णता मोजतात, मग थोडं हॅलाइड घालून तापमान चढल्याची खात्री करतात, आणि ती झाल्याशिवाय पुढचा थेंब आत जाऊ देत नाहीत.

हे न शिकल्याची किंमत अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये 19 डिसेंबर 2007 रोजी मोजावी लागली. टी-टू लॅबोरेटरीज या छोट्या कंपनीत सोडियम धातू वापरून पेट्रोलमध्ये घालायचं एक संयुग बनवलं जाई. त्या दिवशी 175 वी बॅच चालू होती. थंड करणारं पाणी पोचलं नाही, रिॲक्शन हाताबाहेर गेली, रिॲक्टर फुटला. चार जणांचा मृत्यू झाला, 32 जखमी झाले. मालकांपैकी एक केमिस्ट होते, दुसरे केमिकल इंजिनिअर. चौकशी करणाऱ्या केमिकल सेफ्टी बोर्डाने आपल्या अहवालात शिक्षणाकडे बोट दाखवलं: अशा रिॲक्शनांचे धोके केमिकल इंजिनिअरिंगच्या पदवी अभ्यासक्रमात शिकवले जावेत, अशी शिफारस त्यात आहे. आपल्याकडच्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना हा अहवाल वाचायला द्यावा. त्यातला एकही मुद्दा त्यांच्या आवाक्याबाहेरचा नाही.

महाराष्ट्राला बेंच आणि प्लांट यांची सांगड नवी नाही. मुंबईची यूडीसीटी, आजची आयसीटी, 1933 मध्ये उभी राहिली ती कापड गिरण्यांच्या आणि रासायनिक उद्योगाच्या गरजेतून. एमएस्सीच्या अभ्यासक्रमात बेकर-व्यंकटरामन रिअरेंजमेंट असते. त्यातले कृष्णस्वामी व्यंकटरामन 1938 पासून यूडीसीटीचे प्रमुख होते आणि 1957 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, एनसीएलचे, पहिले भारतीय संचालक झाले. रंगांच्या रसायनशास्त्रातला जागतिक कीर्तीचा हा माणूस कारखान्याला परका नव्हता. त्यांचे विद्यार्थी ए. व्ही. रामा राव यांनी पुढे हैदराबादच्या आयआयसीटीत एड्सवरच्या एझेडटी या औषधाची स्वस्तात बनणारी कृती बसवली आणि ती सिप्लाने उत्पादनात आणली. परीक्षेत या रिअरेंजमेंटची यंत्रणा विचारतात. माणसाबद्दल कुणी विचारत नाही.

नाशिकमधल्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात. एक नेट, सेट, गेटची; जेआरएफ मिळाली तर जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये, आणि पाच-सहा वर्षांची पीएचडी. दुसरी अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांची. घरची परिस्थिती बेताची असेल तर दुसरी वाट आपोआप निवडली जाते, आणि ती निवडणाऱ्याकडे 'जमलं नाही म्हणून कंपनीत गेला' अशा नजरेने बघितलं जातं. ही नजर चुकीची आहे. पाचशे लिटरच्या रिॲक्टरमध्ये तोच रेणू, तितकाच शुद्ध, दर बॅचला न चुकता काढणं हे सिंथेसिसचं काम आहे आणि ते कठीण काम आहे. पीएचडी करणाऱ्यालाही ते यायला हवं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2023 पासून राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. ही संधी प्रमाणपत्रावर शिक्का मारून घेण्यात घालवू नये. प्राध्यापकांनी जर्नलच्या पानावर यील्डच्या खाली दोन ओळी वाढवाव्यात: कचरा किती निघाला आणि तापमान किती चढलं. अंबडच्या कारखानदारांनी विद्यार्थ्यांना क्यूसीच्या टेबलापाशी बसवून न ठेवता एक अख्खी बॅच, चार्जिंगपासून सेंट्रिफ्यूजपर्यंत, उभं राहून बघू द्यावी. आणि यंदा एमएस्सी ऑरगॅनिकला प्रवेश घेणाऱ्यांनी फॉर्म भरतानाच विभागात विचारावं: आम्हाला प्लांट कधी दाखवणार?